भौतिक चिकित्सेची पहिली भेट : तयारीमागचा इतिहास

हात मोडतो, प्लास्टर चढते, दीड-दोन महिन्यांनी ते उतरते आणि डॉक्टर चिठ्ठीवर एक शब्द लिहून देतात : फिजिओथेरपी. मराठीत आपण तिला भौतिक चिकित्सा म्हणतो. कोणाला गुडघेदुखीमुळे, कोणाला कंबर धरल्यामुळे, तर कोणाच्या घरी वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यामुळे ही चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घरी आली की प्रश्न सुरू होतात. किती दिवस जावे लागेल? कोणते मशीन लावतील? फार दुखेल काय? बरोबर काय न्यावे? ह्या प्रश्नांची उत्तरे शेजारीपाजारी चटकन मिळतात आणि बहुधा ती परस्परविरोधी असतात. परिणामी पहिली भेट लांबणीवर पडते. किंवा मनुष्य चार दिवस जातो, शेक घेतो आणि पाचव्या दिवशी जाणे सोडून देतो. आखडलेला सांधा मात्र त्याच्यासाठी थांबून राहत नाही. आज दोन महिन्यांत सुटू शकणारा खांदा सहा महिन्यांनी तेवढ्याच श्रमात सुटेल, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

पहिल्या भेटीत चिकित्सक जे विचारतो, जे पाहतो आणि जे मोजतो, त्यातील प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे. कोणत्या तरी युद्धाने, कोणत्या तरी साथीने किंवा वैद्यकातील एखाद्या वादाने ती गोष्ट शिकविली आहे. हा इतिहास ध्यानी आला, म्हणजे भेटीला जाताना काय तयारी करावी हे आपोआप उमगते. ह्या साऱ्या इतिहासातून एकच सूत्र वाहते : दुसऱ्याने आपल्या अंगावर करावयाचा उपचार हळूहळू आपण स्वतः करावयाच्या श्रमात बदलत गेला.

आरंभ आपल्याच अंगणातून करू. अंग चोळणे, शेकणे, लेप लावणे आणि आखडलेल्या सांध्याला हालचाल देणे ह्या गोष्टी आपल्याकडे नव्या नव्हेत. सुश्रुतसंहितेत व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे, आणि ती अर्धी शक्ती ओळखावी कशी ह्याची खूणही दिली आहे : श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे. आमच्या तालमींतून आणि आखाड्यांतून मालीश ही एक विद्याच होती. वस्ताद हाताच्या स्पर्शाने मुरगळ ओळखीत, आणि गावोगावचे हाडवैद्य निखळलेला सांधा बसवीत. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा पुढे नेणारे राजरत्न प्रा. माणिकराव हे व्यायामशिक्षणाइतकेच मालिशीसाठी व हाडांच्या दुखण्यांवरील उपचारांसाठी नावाजलेले होते. त्याच बडोद्याहून द. चिं. मजुमदार ह्यांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड संपादून मराठीत प्रसिद्ध केले. ह्या विद्येचा अभिमान बाळगण्यास जागा आहे. तथापि तिच्या दोन उणिवाही मान्य केल्या पाहिजेत. एक, हे ज्ञान बव्हंशी हातात राहिले, कागदावर कमी उतरले. वस्ताद गेला की त्याच्याबरोबर तेही जाई. दुसरी, सुधारणा किती झाली हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत नव्हती. ह्या दोन उणिवा भरून काढण्याचे काम युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत झाले.

त्याचा प्रारंभ स्वीडनमध्ये झाला. पेर हेन्रिक लिंग नावाचे एक तलवारबाजीचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १७७६ सालचा. १८१३ साली त्यांनी राजधानी स्टॉकहोम येथे सरकारी आश्रयाने व्यायामशिक्षणाची एक मध्यवर्ती संस्था काढली. व्यायामाचे जे विभाग त्यांनी पाडले, त्यांत शालेय व लष्करी व्यायामाबरोबर वैद्यकीय व्यायामालाही स्वतंत्र स्थान दिले. स्वीडिश मालीश त्यांनी शोधून काढली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण मालिशीच्या हातांना आज प्रचलित असलेली फ्रेंच नावे सामान्यतः मेझगर ह्या डच वैद्याकडून आलेली मानली जातात. स्टॉकहोमच्या ह्या शिक्षकाचे खरे कार्य निराळे आहे. त्यांच्या पद्धतीत हालचालींचे तीन प्रकार होते. पहिला, शिक्षकाने रोग्याचा अवयव हलवावयाचा. दुसरा, रोग्याने तो स्वतः हलवावयाचा. आणि तिसरा, रोग्याने हलवावयाचा व शिक्षकाने त्याला हाताने बेताचा विरोध करावयाचा. आजही कोणत्याही भौतिक चिकित्सा केंद्रात गेलात तर हेच तीन प्रकार ह्याच क्रमाने दिसतील. आरंभी चिकित्सक तुमचा हात धरून वर नेतो. काही दिवसांनी तो म्हणतो, आता तुम्ही न्या. पुढे तो तुमच्या मनगटावर आपला तळवा ठेवून म्हणतो, माझ्या हाताविरुद्ध न्या. पहिल्या प्रकारातून तिसऱ्यापर्यंत जाणे हाच उपचाराचा प्रवास होय. जो मनुष्य पहिल्याच प्रकारावर संतुष्ट राहतो, त्याचा उपचार अर्ध्या वाटेवर थांबतो.

ह्याच स्टॉकहोममध्ये पुढे गुस्ताफ झांडर नावाच्या वैद्याने १८६५ साली निराळाच प्रयोग केला. शिक्षकाच्या हाताचा विरोध कधी कमी पडतो, कधी जास्त; तो नेमका असावा म्हणून त्यांनी तरफा, वजने आणि चाके जोडून यंत्रे बनविली. काही यंत्रे रोगी स्वतः चालवी, तर काही वाफेच्या शक्तीवर चालून रोग्याचेच अंग हलवीत. ही यंत्रे युरोप-अमेरिकेतील मोठ्या शहरांतून आणि आरोग्यस्थानांतून पोहोचली, आणि आजच्या व्यायामशाळांतील यंत्रांची ती पूर्वजे ठरली. त्यानंतर विजेचे युग आले. फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल ह्यांनी उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाचा शरीरावरील परिणाम अभ्यासला आणि त्यातून अंगाच्या आत ऊब पोहोचविणारी उपकरणे पुढे निघाली. ‘कोणते मशीन लावणार?’ ह्या आपल्या घरगुती प्रश्नाचे मूळ येथे आहे. मशीनने ऊब मिळते, वेदना काही काळ शमते, स्नायू सैल होतो आणि व्यायामाला अवसर मिळतो. ज्याने शेक घेतला पण व्यायाम केला नाही, त्याने शेत नांगरून ठेवले आणि पेरणी करावयाची राहून गेली, असे समजावे.

आता एका मोठ्या वादाकडे वळू, कारण त्या वादाचे पडसाद आजही आपल्या घरांतून उमटतात. दुखऱ्या अवयवाला विश्रांती द्यावी की हालचाल? लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) हे हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले, पण रीतसर शिकलेले शल्यवैद्य होते. त्यांचा आग्रह सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा होता. क्षयाने किडलेल्या सांध्यांच्या त्या काळात ह्या आग्रहाने अनेकांचे पाय वाचले. त्यापूर्वीच, १८५० नंतरच्या पहिल्या वर्षांत, मथाइसेन नावाच्या डच लष्करी शल्यवैद्याने पट्ट्यात प्लास्टरची भुकटी भरून ती ओली करून गुंडाळण्याची युक्ती काढली होती, आणि त्यामुळे मोडलेले हाड स्थिर ठेवणे सोपे झाले होते. पण हाड जुळले तरी सांधा आखडे. पॅरिसचे शल्यवैद्य ल्युका-शांपियोनिएर ह्यांनी उलट बाजू मांडली : मोडलेल्या अवयवालाही शक्य तितक्या लवकर हलके मालीश आणि बेताची हालचाल मिळाली पाहिजे. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राँटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि हाड कितपत जुळले हे अंदाजाने ठरविण्याची गरज उरली नाही.

हा वाद एका दिवसात मिटला नाही. १९४७ साली रिचर्ड ॲशर ह्या ब्रिटिश वैद्याने अंथरुणात पडून राहण्याचे धोके दाखवून देणारा एक लेख लिहिला. फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे आणि मन ह्या सर्वांना निष्कारण पडून राहण्याने कशी बाधा होते, हे त्यात क्रमाने सांगितले होते. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रुग्णांवर एक तुलनात्मक चाचणी झाली. कोणाला दोन दिवस पडून राहण्यास सांगितले, तर कोणाला सात दिवस. पुढे पाहता सात दिवस पडून राहिल्याने वेदनेत अधिक फायदा झाला नाही. कामावरून राहिलेले दिवस मात्र वाढले. ‘कंबर धरली आहे, महिनाभर हलू नका,’ असे प्रेमाने सांगणारे वडीलधारे आपल्याकडे आजही आहेत. त्यांच्या प्रेमाविषयी आदर बाळगावा. पण त्यांचा सल्ला एकोणिसाव्या शतकातला आहे हे ओळखावे.

ह्या वादातून पहिल्या भेटीसाठी दोन गोष्टी निघतात. एक, विनाकारण उशीर करू नये. दुसरी, तारखा आणि कागद बरोबर असावेत : हाड केव्हा मोडले, प्लास्टर केव्हा चढले व केव्हा उतरले, शस्त्रक्रिया झाली असल्यास ती कोणती, शस्त्रवैद्याने किती भार टाकण्यास परवानगी दिली आहे. क्ष-किरणांची छायाचित्रे आणि रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद हे सोबत असले, म्हणजे विश्रांती कुठे संपते आणि हालचाल कुठे सुरू करावयाची ह्याची सीमारेषा चिकित्सकाला निश्चित आखता येते.

ह्या विद्येत स्पर्श अटळ आहे, आणि जेथे स्पर्श आला तेथे विश्वासाचा प्रश्न आला. १८९४ साली ब्रिटनमधील एका प्रमुख वैद्यकीय पत्राने लंडनमध्ये मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांचा गौप्यस्फोट केला. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांवर त्यामुळे किटाळ आले. रोझलिंड पॅजेट आदी चौघी जणींनी त्यावर तक्रारी करीत न बसता त्याच वर्षी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापिली. परीक्षा घेतल्या, प्रमाणपत्रे दिली आणि नियम कडक केले : वैद्याच्या निर्देशावाचून उपचार करावयाचा नाही, सर्वसाधारण वृत्तपत्रांतून जाहिरात करावयाची नाही, रोग्याला औषधे विकावयाची नाहीत. १९२० साली ह्या संस्थेला राजसनद मिळाली, आणि आजची ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था तिचीच वारस आहे. म्हणून आपल्याकडील एखादी भगिनी पहिल्या भेटीला जाताना संकोचत असेल, तर तिने हे ध्यानात ठेवावे की, ह्या व्यवसायाची संघटनाच रोग्याच्या मर्यादेचे रक्षण करण्यासाठी जन्मली. काय करणार, कोठे हात लावणार, कशासाठी लावणार, हे आधी विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. सोबत घरचे माणूस बसवावे असे वाटल्यास तसे सांगावे. स्त्री-चिकित्सक हवी असल्यास वेळ ठरवितानाच तशी विचारणा करावी. समोरच्याचे शिक्षण विचारण्यातही गैर काही नाही. भारतात २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्यात फिजिओथेरपीचा स्पष्ट समावेश आहे.

मोजमापाची गोष्ट पोलिओने शिकविली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ह्या रोगाच्या साथी येऊ लागल्या. १९१६ साली न्यूयॉर्क परिसरात तर फार मोठी साथ आली. मुलाचा पाय लुळा पडला, एवढे म्हणून भागत नव्हते. पायात अनेक स्नायू असतात. त्यांपैकी कोणता गेला, कोणता अर्धा उरला, कोणता शाबूत आहे? बॉस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिना राइट ह्यांनी १९१० नंतरच्या वर्षांत त्यासाठी एक सोपी, बिनखर्चाची कसोटी बसविली. तिचा आधार पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण हा होता. पुढे १९४३ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने युद्धातील मज्जातंतूंच्या जखमांसाठी ० ते ५ अशी जी श्रेणी प्रसिद्ध केली, ती ह्याच तत्त्वावर आहे. स्नायू मुळीच आकुंचन पावत नसेल तर ०. नुसती फुरफुर दिसली तर १. आडवे निजून, म्हणजे स्वतःचे वजन न उचलता, अवयव सरकविता आला तर २. वजनाविरुद्ध उचलता आला तर ३. वर थोडा विरोध केला तरी उचलता आला तर ४. आणि पूर्ण शक्ती असेल तर ५. ह्याच्या जोडीला सांधा किती अंशांत वाकतो हे पाहणारा कोनमापक. १९२१ साली फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांच्या पायांतील शक्ती गेली तेव्हा पोलिओचे निदान करणारे ते हेच लव्हेट.

पहिल्या दिवशी चिकित्सक अर्धा वेळ तपासण्यातच घालवितो, तेव्हा ‘उपचार काही केलाच नाही,’ अशी कुरकुर घरी ऐकू येते. ती योग्य नव्हे. पहिल्या दिवशी गुडघा ७० अंश वाकत होता अशी नोंद नसेल, तर तीन आठवड्यांनी तो ९५ अंश वाकतो ह्याचा आनंद कोणाला होणार? सुधारणा इतकी सावकाश होते की, रोज पाहणाऱ्याला ती दिसत नाही. आकडा मात्र ती दाखवितो, आणि तो आकडाच पुष्कळदा मनुष्याला मध्येच उपचार सोडण्यापासून परावृत्त करतो. म्हणून पहिल्या भेटीला सैल कपडे घालून जावे. गुडघा दाखवावयाचा तर वर सरकविता येईल असा पायजमा किंवा अर्धी विजार, खांदा दाखवावयाचा तर बिनबाह्यांचा किंवा पुढून उघडणारा कपडा. रोज वापरातल्या चपला-बूट, काठी, चष्मा हेही न्यावे; चाल पाहावयाची ती रोजची पाहिली पाहिजे.

पहिल्या महायुद्धाने आणखी एक प्रश्न ह्या विद्येत आणला : तुम्हाला परत काय करावयाचे आहे? जखमी सैनिक लाखांनी घरी परतत होते. जखम भरली तरी त्यांना नांगर धरावयाचा होता, सुतारकाम करावयाचे होते, पोट भरावयाचे होते. अमेरिकेने १९१७ साली युद्धात प्रवेश केल्यावर ह्या कामासाठी स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘पुनर्रचना-सहाय्यिका’ म्हणून नेमले. त्यांना लष्करी हुद्दा नव्हता. काम मात्र लष्करी रुग्णालयांतलेच होते. त्यांच्यातील मेरी मॅकमिलन ह्यांनी १९२१ साली अमेरिकेतील ह्या व्यवसायाच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पुण्यास १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पाय गमावलेल्या जवानाला लाकडी वा धातूचा पाय बसवून भागत नाही, त्या पायावर चालावयास शिकवावे लागते, हा धडा पुण्याच्या त्या केंद्रातही गिरविला गेला.

ह्या प्रश्नाचे उत्तर घरून ठरवून न्यावे, आणि ते स्पष्ट असावे. ‘बरे वाटावे,’ हे उत्तर खरे असले तरी त्यावरून व्यायाम आखता येत नाही. ‘पंक्तीत मांडी घालून जेवावयास बसता आले पाहिजे,’ ‘दोन जिने चढून नोकरीच्या ठिकाणी पोहोचले पाहिजे,’ ‘वरच्या फळीवरचा डबा काढता आला पाहिजे,’ असे उत्तर हवे. खुर्चीवर बसण्यास गुडघ्याचे सुमारे ९० अंश पुरतात. उकिडवे बसण्यास किंवा मांडी घालण्यास त्याहून पुष्कळ अधिक वाकावे लागते. आपले जगणे जमिनीशी किती बांधलेले आहे हे आपण सांगितल्याखेरीज कोनमापकाला कळणार नाही. अर्थात गुडघ्याचा सांधा बदलला असेल तर सर्वच इच्छा पुऱ्या होतील असे नाही. पण काय शक्य आहे हे पहिल्याच दिवशी समजले, तर पुढील निराशा टळते.

भारतात ह्या विद्येची रीतसर स्थापना होण्यामागे एका आईची धडपड आहे, ही गोष्ट मराठी भाषकांनी विशेष स्मरणात ठेवावी, कारण ती मुंबईत घडली. फातिमा इस्माइल ह्यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिला घेऊन त्या मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी ह्यांच्याकडे गेल्या, आणि उपचारांच्या निमित्ताने अशा मुलांसाठी काय करावे लागते हे त्यांनी जवळून पाहिले. १९४७ साली मुंबईत त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले, आणि अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. परंतु शिकलेले हात कोठून आणावयाचे? भारतात हे शिक्षण देणारी शाळा तोवर नव्हती. १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या सहकार्याने ती निघाली. १९५५ साली भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी हाजीअलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली.

ह्याच पोलिओच्या संदर्भात ऑस्ट्रेलियातील सिस्टर एलिझाबेथ केनी ह्यांचेही नाव घेतले पाहिजे. लुळा अवयव महिनोन्‌महिने पट्ट्यांत जखडून ठेवण्याच्या प्रघाताला त्यांनी विरोध केला. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरी कापडाचा शेक देऊन त्या मुलाला हलक्या हालचाली शिकवीत, आणि स्नायूकडे मन कसे लावावे हेही शिकवीत. रोगाच्या स्वरूपाविषयी त्यांनी मांडलेल्या कल्पना पुढे टिकल्या नाहीत. पण १९४० साली त्या अमेरिकेत गेल्यानंतर त्यांची पद्धत मात्र झपाट्याने पसरली. ह्या उपचारांत आईबापांचा वाटा मोठा होता. चिकित्सक आठवड्यातून काही तासच मूल पाहणार. उरलेला सारा वेळ ते आईजवळ असणार. म्हणून आईलाच व्यायाम शिकवावा लागे. भारतातील रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. तो रोग गेला. पण त्याने शिकविलेली ही गोष्ट अर्धांगाच्या रोग्याला आजही तितकीच लागू पडते. रोगी परावलंबी असेल, तर घरी त्याची उठबस करणारे माणूसच पहिल्या भेटीला सोबत गेले पाहिजे. घरचे चार जण कामावर आहेत म्हणून रिक्षावाल्याबरोबर धाडलेल्या वडिलांना व्यायाम शिकविला, तरी संध्याकाळी तो करवून घेणार कोण?

आणखी एक धडा वेल्लोरचा आहे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी १९४८ पासून कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शाबूत स्नायूची दोरी काढून ती निकामी स्नायूच्या जागी जोडावयाची, अशी ती शस्त्रक्रिया. पण जो स्नायू कालपर्यंत एक काम करीत होता, त्याला उद्या दुसरे काम करावयास लावणे हे शल्यवैद्याच्या सुरीने होत नाही. तो स्नायू वेगळा आवळावयास रोग्याला शस्त्रक्रियेपूर्वीच शिकवावे लागे आणि नंतर पुन्हा नवे काम शिकवावे लागे. म्हणून सांधा बदलण्याची किंवा तत्सम मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चिकित्सकाची पहिली भेट शस्त्रक्रियेपूर्वीच घेता येईल काय, हे आपल्या शस्त्रवैद्यांना अवश्य विचारावे. वेल्लोरनेच आणखी दाखवून दिले की, ज्या हाताला चटका कळत नाही तो हात भाजतो आणि झिजतो. आज हीच स्थिती जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालेल्या अनेकांची असते. शेक घेण्याआधी बधिरपणा सांगितला नाही, तर बरे होण्यासाठी गेलेला मनुष्य भाजून परततो.

म्हणून आदल्या रात्री एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे : दुखणे केव्हापासून, कशाने वाढते, कशाने कमी होते, रात्री झोपमोड करते काय. चालू असलेली सर्व औषधे, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. हृदयाजवळ पेसमेकर बसविला असल्यास, शरीरात धातूची पट्टी वा स्क्रू असल्यास, किंवा गर्भारपण असल्यास ते सर्वांत आधी सांगावे, कारण विजेच्या काही उपकरणांना तेथे मज्जाव असतो. मात्र कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे. ताप आणि अकारण घटणारे वजन ह्यांचीही वाच्यता आधी डॉक्टरांपाशी करावी.

भेट संपताना आपणही चार प्रश्न विचारावे. माझे दुखणे नेमके कशाचे आहे? घरी कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा? कितपत दुखले तर चालेल आणि कोणत्या दुखण्याला थांबावे? आणि सुधारणा दिसण्यास अंदाजे किती आठवडे लागतील? व्यायामानंतर थोडे ठणकणे आणि दुसऱ्या दिवशी शमणे हे बहुधा अपेक्षितच असते. दिवसेंदिवस वाढत जाणारी कळ मात्र सांगितलीच पाहिजे. सुश्रुताची अर्धी शक्ती येथेही उपयोगी पडावी.

श्रोतेहो, एका तलवारबाजीच्या शिक्षकाने रोग्याला ‘आता तुम्ही हात उचला,’ असे सांगितल्याला दोनशे वर्षे होऊन गेली. त्यानंतर यंत्रे आली, वीज आली, किरण आले. पण त्या वाक्याला पर्याय निघालेला नाही. पहिल्या भेटीला जाताना कागद, सैल कपडे आणि घरचे माणूस सोबत न्यावे, आणि आपला वाटा आपणच उचलावयाचा आहे ही तयारीही न्यावी. ती चिठ्ठी कोणाच्या घरी फळीवर पडून राहिली असेल, तर उद्या सकाळी प्रथम भेटीची वेळ ठरवून घ्यावी.